दुर्बीणवाली आजी आणि माझी डावी बाजू

२ ऑक्टोबर, मंगळवार
सरावाला पुन्हा तीच आजी. माझ्या गोलमागे, कुंपणापलीकडे, घडीच्या स्टुलावर. गळ्यात दुर्बीण. एवढ्या मोठ्या मैदानात तिला फक्त मीच दिसतो. उगाच कोण कुणाकडे एवढं बघतं? शेजारच्या शहरातल्या क्लबची हेर, नक्की. रविवारी मॅच त्यांच्याशीच. यंदा माझा करार संपतोय. पेनल्टीला मी कसा झेपावतो हे त्यांना कळलं, की मी घरी.

३ ऑक्टोबर, बुधवार
कोच ओनुकींच्या कानावर घातलं. म्हणाले, मुरोई, ऊन लागलंय का तुला, सावलीत बस जरा. हसले. जरा जास्तच हसले. त्यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.
निश्चय: उद्यापासून गनिमी कावा. डावीकडचा एकही बॉल अडवायचा नाही. आजीला चुकीची बातमी नेऊ दे!

४ ऑक्टोबर, गुरुवार
कावा जोरात. डावीकडून आलेला प्रत्येक बॉल आत. आजीने दुर्बीण ठेवून डोळे पुसले. नाटकी बाई! आमचा दुसरा गोलकीपर होशिना, कालचं पोर, सगळे बॉल अडवत सुटलाय. अक्कल म्हणून नाही. वर मलाच विचारतो, मुरोई-सान, पाठ धरलीय का तुमची?

५ ऑक्टोबर, शुक्रवार
आजीने कुंपणावरून घरी वळलेली भाताची ओनिगिरी पुढे केली. म्हणाली, खा हो, पोटात काही नसेल तर बॉल कसा अडवणार? ऐन मॅचच्या तोंडावर? मी इतका दूधखुळा नाही. होशिनाला दिली. त्याने वाकून आभार मानले, भाताचं शीतही उरवलं नाही. मग दोघं कितीतरी वेळ हसत बोलत उभे. संध्याकाळपर्यंत त्याचं पोट ठणठणीत. म्हणजे हाही फितूर.

६ ऑक्टोबर, शनिवार
उद्याची टीम लागली. गोलमध्ये होशिना.
आधी पायाखालची जमीन सरकली. मग उमगलं, कोचनी माझा कावा ओळखलाय! हुकमाचा एक्का झाकून ठेवतायत. वरवर मात्र म्हणाले, मुरोई, हा आठवडा तुझ्याकडे बघवत नव्हतं रे. काय अभिनय!
हातमोजे धुवून वाळत घातले.

७ ऑक्टोबर, रविवार
एक्का बाकावरच राहिला. होशिनाने पेनल्टी अडवली, नेमकी डावीकडे झेपावून. जिंकलो. अख्खं स्टेडियम त्याच्या नावाने ओरडत होतं.
मॅचनंतर रिवाजाप्रमाणे प्रेक्षकांपुढे वाकायला गेलो. पहिल्या रांगेत आजी. आमच्या पाठीराख्यांच्या बाजूला. अंगात आमच्याच क्लबचा शर्ट, धुऊन धुऊन विरलेला.
म्हणाली, मुरोई-सान, तुम्ही आलात त्या वर्षापासून मी तुमचीच. यंदा शेवटचं वर्ष असेल, डोळे भरून बघून घ्यावं म्हणून रोज येत होते. पण या आठवड्यात जीव तुटला हो माझा. आता थांबा. गुडघे सांभाळा.
मुद्दाम सोडत होतो हो, असं ओरडून सांगावंसं वाटलं. कुणाला खरं वाटलं असतं?
मग तिने होशिनाला हाक मारली आणि पाठ वळवली. पाठीवर माझं नाव. म्हणाली, त्याच्याखाली जागा आहे बघ बाळा, सही कर.
त्याच्याकडे पेन नव्हतं. माझ्याकडे असतं, कायम. दिलं.