गळ्यातली पेटी

११ जुलै १९३४. दोंडाईचे
आज काडी मोडली. आठवड्यातली तिसरी! पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची काडी ती, चुलीत घालायची वस्तू, तिच्याकडून अपेक्षा तरी किती ठेवायची. पण मोडली ती सुकदेवच्या डोक्यावर. सगळे हसले. सुकदेव सोडून. प्रेसमध्ये कपाशीच्या गाठी उचलणारा माणूस, त्याला दुखलं नसेल, पण मान दुखावला.

गाण्याच्या मंडळाला महिना झाला. बावीस माणसं, सकाळी सात, शाळेचा ओटा. पुण्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा छावणीतल्या बँडचा साहेब पाहिला होता. स्वतः काही वाजवत नव्हता, नुसती काडी हलवत होता, आणि चाळीस माणसं एका दमात चालत होती. तेव्हाच मनात घेतलं – हे आपल्याकडे करायचं, वाद्यांऐवजी गळे घेऊन. पण आमचे गळे भजनातले. भजनात एक म्हणतो, बाकीचे झेलतात. मी काडी वर केली की बावीसही जण माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

"मास्तर, तुम्ही पहिले म्हना, मंग आम्ही झेलतस."

मी म्हणणार नाही, म्हटलं.

"मंग तुम्ही काय करशात?"

घरी येऊन झुंबरला सांगितलं. वाटलं, बायको आहे, बाजू घेईल. भाकर थापता थापता म्हणाली, "गातस नही, वाजाडतस नही. नुसती हवा हालावतस. त्या कामना पगार देस का कोनी?"

१३ जुलै
काडी आता बाभळीची. सुकदेव दोन हात लांब उभा राहतो.

२० जानेवारी १९३५
शाळेचा बक्षीस समारंभ. आमचं पहिलं जाहीर गाणं. ऐन वेळी पेटी उघडली तर उंदरांनी भाता खाल्लेला. दाबली की दम्याच्या म्हाताऱ्यासारखी फुसफुसायची. शाळा कमिटीचे अध्यक्ष मोतीलालशेट समोरच्या खुर्चीत, पानाचा डबा मांडीवर. काय करणार? तोंडानेच सूर दिला. आणि लागला की! बावीस गळे एका जागी, न वर न खाली. मोतीलालशेट पान चघळायचे थांबले. नंतर सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तरले पेटी कसाले? मास्तरना गळामाच पेटी शे!"

झालं. आता गावभर तेच.

मग मला बाजूला घेऊन हळूच – गाणं चांगलं, पण आम्हाला पाठ का दाखवली? पाहुण्याला कोणी पाठ दाखवतं का? साहेबाच्या बँडचं समजावत बसलो. पटलं नाही. झुंबरने एका वाक्यात सोडवलं – "मंग तिरपं उभं ऱ्हात जा." म्हणजे आता जन्मभर खेकड्यासारखा.

आता खरं लिहितो. इथे नाही लिहायचं तर कुठे? माझ्या गळ्यात पेटीबिटी काही नाही. मी आपणहून सूर लावला की रोज वेगळा लागतो, सोमवारी छपरावर, मंगळवारी तळघरात. एकदा कोणी सूर हातात दिला की मग चूक कोणाची आणि कुठे झाली ते मला बरोबर कळतं. पण पहिला सूर – तो काही माझ्याकडे नाही. आज पहाटे झुंबर जात्यावर बसली होती, गात होती. तोच कानात होता. तोच ओट्यावर नेऊन ठेवला. तिचा सूर कधी हलत नाही, ऊन असो, थंडी असो, माझ्याशी भांडण असो.

२ मार्च १९३५
पद्धत बसली. पहाटे दाराआड उभा राहतो. झुंबर पाठमोरी, जातं फिरवत गात असते. तिला वाटतं मी चहाची वाट बघतोय. सूर घेतला की तोंड मिटून, नाकातल्या नाकात धरून थेट शाळेचा रस्ता. वाटेत कोणी राम राम केला तर नुसती मान हलवायची, तोंड उघडलं की गेला. आधी लोक म्हणायचे मास्तर शेफारला. आता म्हणतात, "मास्तर जप करतस." माझी धार्मिक म्हणून ख्याती होत चालली आहे.

१४ नोव्हेंबर १९३७
धुळ्याच्या शिक्षक संमेलनात आमचं गाणं. लिहू नये असं वाटतं, पण लिहितो.

पहाटे सूर घेतला. गाडीत तोंड मिटून बसलो. बाकी मंडळी चिवडा खातेय, मी खिडकीकडे तोंड करून नाकातल्या नाकात सूर धरतोय. नरडाण्यापर्यंत जपून आणला. तिथे उतरून धुळ्याची मोटार धरायची, तेवढ्यात माझ्या कानाशी इंजिनाने अशी शिट्टी मारली! कानातली झुंबर गेली आणि इंजिन राहिलं. पुढे मोटारीत वीस मैल कितीही शोधलं तरी इंजिनच सापडे.

धुळ्याला तोच दिला. पहिल्या ओळीला पुढच्या रांगेतल्या निंबाने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या ओळीला सुकदेवच्या मानेच्या शिरा फुगल्या. तिसऱ्या ओळीला पाच जण उरले, तेही ओरडत होते. मी काडी हलवतच राहिलो, थांबलो असतो तर समजलं असतं. टाळ्या पडल्या. धुळ्याच्या लोकांना वाटलं ही नवी तऱ्हा असेल.

परत येताना चिवड्याला कोणी हात लावला नाही. आणखी एकदा असं झालं की मंडळ मोडेल. मंडळ मोडलं तर मी कोण? अंकगणित शिकवणारा मास्तर. असे तालुक्याला साठ आहेत.

१५ नोव्हेंबर
झुंबरला "ठीक झालं" म्हणून सांगितलं. दळताना मात्र नवीच ओळ जोडून गात होती – काडी हालनी, हवा हालनी, गानारा शे दुसरा. कोणावर रचली देव जाणे.

८ जून १९३९
बन्सीलालने इंजिनाची चक्की आणली. दिवसभर पुकपुक. सगळं गाव बघायला. झुंबर म्हणाली, "बठ्ठ्या बाया चक्कीवर जातीस. मी बी जाऊ?"

म्हटलं, चक्कीचं पीठ गरम होतं, त्यातलं सत्त्व जातं, अंगाला व्यायाम राहत नाही. आणखीही बरंच म्हटलं. आता गंमत अशी की गेल्याच महिन्यात मी शाळेत 'यंत्रे आणि स्त्रियांचे कष्ट' यावर पाऊण तास बोललो होतो, आणि झुंबर पहिल्या रांगेत होती.

"भाषनमा तर येगळंच सांगं व्हतं तुम्ही."

भाषण वेगळं, घर वेगळं, म्हटलं. इतका लाजलो की खाली मान घालून विडा लावत बसलो, आणि मी पान खातही नाही. तिने माझ्या हातातला विडा काढून डब्यात ठेवला. मग म्हणाली, "बरं. घरमाच दळसू."

सुटलो! पण बरं वाटत नाही. तिच्या हाताला घट्टे आहेत. एका बाजूला ते, एका बाजूला माझी अब्रू, आणि मी अब्रू उचलली.

९ जून
पहाटे जातं वाजलं. सूर जागेवर.

२२ फेब्रुवारी १९४०
आज जेवताना म्हटलं, घरच्या दळणाची चवच निराळी. चक्कीच्या भाकरीला ही गोडी नाही. झुंबरला एकदम ठसका लागला, पदर तोंडाला लावून आत गेली. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला.

बन्सीलाल अलीकडे मला बघून हसतो. गिऱ्हाईक बुडालं म्हणून राग असेल. असू दे.

५ मे १९४१
जात्याला टाकी लावणारा आला होता, छिन्नी-हातोडा घेऊन. बोलावणार होतो. दोन वर्षांत एकदाही टाकी लागलेली नाही, दगड गुळगुळीत झाला असेल, तिला किती जोर पडत असेल! झुंबरने दारातूनच वाटेला लावला. "चांगलं दळाई ऱ्हायनं. टाकी कसाले?" खरं असावं. हल्ली दळण लवकर आटपतं.

१९ ऑगस्ट १९४२
सुकदेवला पकडून नेलं. आणखी चौघांना. खालचा सूर धरणारी अख्खी बाजू तुरुंगात. तालीम नाही.

३ एप्रिल १९४४
सुकदेव सुटून आला. वाळलाय, पण आवाज तसाच. म्हणाला, "जेलमा बी गावूत. गावाले बठ्ठा व्हतात, थांबाडाले कोनी नव्हतं." म्हणजे माझ्या काडीवाचून अडलं! इतकं गोड कौतुक माझं कोणी केलं नव्हतं. घरी येऊन झुंबरला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, पाठ झालं.

२ ऑगस्ट १९४७
पंधरा तारखेला चौकात झेंडा. गाणं आमचं! शब्द माझे, चाल माझी, साठ गळे – बायका पहिल्यांदाच, पंधरा जणी. मोतीलालशेट आता पार थकलेत. म्हणाले, अधिक महिना आहे, अधिकात नवं काही सुरू करू नये म्हणतात. सुकदेव म्हणाला, "हाई नवं नही शेटजी. आपलं जुनंच परत मिळी ऱ्हायनं." शेटांनी मान डोलावली. मग म्हणाले, पेटी नकोच हां मास्तर. तुमच्या गळ्यावरच होऊ द्या.

९ ऑगस्ट
झुंबरला हिवताप. अंग भट्टीसारखं. घसा बसलाय. जातं बंद. शेजारच्या भिकुबाई भाकरी देतात.

११ ऑगस्ट
तालीम म्हणजे बाजार झाला. मी दिलेला सूर बायकांना पाताळात, पुरुषांना पोटात. दुसऱ्यांदा दिला, तो आभाळात. साठ माणसं माझ्याकडे बघत होती. निंबा म्हणाला, मास्तर, तब्येत बरी नाही का? तीच सबब घेतली.

मोतीलालशेटांकडून निरोप – अमळनेरहून पेटीवाला बोलावू का? म्हणजे गावात पोचलं. तेरा वर्षं ज्यावर मिरवलो ते चार दिवसांत उघडं पडणार, आणि तेही देशाच्या अशा दिवशी.

१३ ऑगस्ट
झुंबरला सगळं सांगितलं. ताप उतरलाय, पडूनच होती. म्हटलं, माझ्यात सूर नाही. तुझ्या जात्यावरून उचलतो. तेरा वर्षं. दाराआड उभा असायचो तो चहासाठी नव्हे. चक्कीला नको म्हटलं तेही म्हणूनच. तुझे हात झिजवले मी. उद्या पेटीवाल्याला होकार कळवतो.

वाटलं रागावेल. तिने भिंतीकडे तोंड केलं. आवाज नुसता खरखर.

"इतलंच ना? माले वाटनं दुसरी बाई करी का काय. झोपा आते."

आणि तिचे खांदे हलत होते. हसत होती! मी इथे काळजाचा तुकडा काढून दिला आणि ही हसतेय.

१४ ऑगस्ट
पहाटे जागा झालो तो जात्याच्या आवाजाने. स्वप्न वाटलं. घोंगडी पांघरून बसली होती, एका हाताने भिंत धरून. आवाज फाटलेला, मधून मधून तुटणारा. पण सूर तोच, तिथेच! उठ म्हटलं, ताप येईल. मान हलवली आणि गातच राहिली, मी दाराआडून पुढे येऊन समोर बसलो आणि सूर उचलला तेव्हा कुठे थांबली. तेरा वर्षांत पहिल्यांदा समोर बसून घेतला.

पेटीवाल्याला नको कळवलं.

१५ ऑगस्ट
झालं!! सकाळी पुन्हा जात्यावरून घेतला, तोंड मिटून चौकात नेला. वाटेत शंभर माणसांनी राम राम केला, कोणालाच उत्तर दिलं नाही. आजच्या दिवशीसुद्धा मास्तर जप करतो म्हणून लोकांनी हात जोडले.

झेंडा वर गेला. सूर दिला. साठ गळे एका जागी. पाऊस बारीक होता, कोणी हललं नाही. सुकदेवचे डोळे वाहत होते आणि आवाज मात्र खांबासारखा. मी तिरपा उभा, म्हणून मला बायकांची बाजू दिसत होती – भिकुबाईच्या खांद्याला टेकून झुंबर, घोंगडीत. ओठ हलत होते. ऐकू कोणालाच जात नव्हतं. मोतीलालशेटांनी जुनंच वाक्य पुन्हा म्हटलं, गळ्यातली पेटी. मी म्हणणार होतो, शेटजी, ती पेटी तिकडे बसलीय. तिने लांबूनच डोळे वटारले. राहू दिलं.

माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात चांगला दिवस. तिच्या जिवावरचा.

१८ ऑगस्ट
झुंबर अजून अशक्त. म्हटलं, आता जात्याला हात लावायचा नाही, माझं तत्त्व गेलं खड्ड्यात, मी चक्कीवर जातो. ती घाईघाईने उठली. "तुम्ही नका जाऊ. दोन दिनमा मीच दळसू." ऐकलं नाही. ज्वारीचा डबा उचलला आणि गेलो.

बन्सीलालने माझ्याकडे पाहिलंच नाही. डब्याकडे पाहिलं. म्हणाला, "मास्तर, आज तुम्ही? वहिनी बऱ्या नाहीत वाटतं. गेला सोमवार चुकला तेव्हाच म्हटलं."

म्हटलं, कुठला सोमवार?

"दर सोमवारी येतात की. चक्की लागली त्या आठवड्यापासून."

घरी आलो. आत न जाता जात्यापाशी गेलो, वरची तळी उचलून पाहिली. मूठभर ज्वारी. रिकामं जातं फिरवू नये म्हणतात, म्हणून तेवढी. आठ वर्षं, रोज पहाटे, दळायला काही नसताना. मला रडू आलं, इथे लिहायला लाज कसली.

आतून हाक आली, "पीठ आनं का?"

आणलं म्हटलं.