पाटीला हात

आये, त्या हाडांच्या दवाखान्यात तू माझ्यासाठी खोटं बोललीस, त्या घटकेला माझं सगळं बदललं. नोटाबंदीचं वर्ष होतं. सरांशी हुज्जत घालून मी कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं आणि रोज सकाळी डहाणू रोड स्टेशनावर जाऊन उभा राहायचो, एक पोरगी तिथे गाडी पकडायला यायची म्हणून. तुझा डावा हात तेव्हा खांद्याच्या वर जात नव्हता. अंबाडा घालायला शेजारच्या काकूला बोलवायचीस आणि वर हसायचीस, म्हातारपणी दासी मिळाली म्हणून.

काकूनेच आपल्याला स्टेशनाजवळच्या त्या ऑस्टिओपॅथीवाल्या, नुसत्या हातांनी दुखणं काढणाऱ्या डॉक्टरांकडे धाडलं. अजून दिसतंय मला. तू पलंगावर पालथी पडलीयेस, डॉक्टरांनी एक तळवा तुझ्या फऱ्यावर ठेवलाय, दुसरा मानेवर, आणि ते डोळे मिटून बसलेत. तू मान वळवून मला हळूच म्हणतेस, ना गोळी ना सुई, हा काय झोपला का रे? त्यांनी ऐकलं असावं, कारण ते हसले. मग म्हणाले की दुखतं तिथेच दुखण्याचं मूळ असतं असं नाही, आणि तुझा सगळा दिवस विचारत बसले. किनाऱ्यावर मासळी घेणं, बाजारात चालत जाणं, दिवसभर उकिडवं बसणं, तू सगळं सांगितलंस.

"मावशी, भरलेली पाटी डोक्यावर कशी चढवता? एकट्याच?"

"एकटी कशाला? पोरगा आहे ना. तो लावतो हात."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, हो.

भरल्या पाटीला दुसऱ्याने हात लावायचा, ही आपल्या बायकांची रीतच. तू किनाऱ्यावरच्या सगळ्यांच्या पाट्यांना हात लावायचीस, त्या भराभर बाजाराकडे निघायच्या, आणि शेवटी तू एकटीच उरायचीस. शाळेत असल्यापासून ते शेवटचं काम माझं होतं. मी स्टेशन धरल्यापासून तू पाटी आधी गुडघ्यावर घ्यायचीस, मग डाव्या खांद्याचा झटका देऊन डोक्यावर. दुखणं तिथूनच आलेलं, आणि आपण दोघांनी मिळून त्या भल्या माणसाला ते सांगितलं नाही. तो बिचारा तुझ्या मानेत, बरगड्यांत मूळ शोधत राहिला. परतताना रिक्षात वाटलं, आता शिव्या देशील. दिल्या असत्यास तर मी दुप्पट आवाजात भांडलो असतो, तेवढं मला येत होतं. तू फक्त विचारलंस, वडा खातोस का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर आलो. तू चुंबळ डोक्यावर ठेवत म्हणालीस, "आज गाडी चुकली वाटतं." मी पाटीला हात लावला. मग रोजच लावत गेलो. तुला डॉक्टरांकडेही नेत राहिलो, ते शिकवतील ते हात फिरवायचे प्रकार तुझ्याकडून करून घेत राहिलो. दोन-अडीच महिन्यांनी एका सकाळी तू स्वतःचा अंबाडा स्वतः घातलास, वाकडा, आणि त्यात अबोली खोचलीस. डॉक्टर म्हणाले, मावशी, हाताला यश आलं. तू तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघत राहिलीस.

तू जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या तापातही तुझा हात वर जात होता, केस तूच सारखे करत होतीस. "पोरगा माझ्यासाठी सुधारला," हे तू अख्ख्या बाजाराला सांगितलंस आणि मी ते तुला सांगू दिलं. खरं सांगू? पहिले दोन दिवस मी तुझ्यासाठी आलोच नव्हतो. दवाखान्याच्या आदल्याच दिवशी स्टेशनावरच्या त्या पोरीने बजावलं होतं, पुन्हा स्टेशनावर दिसलास तर भावाला सांगेन. सकाळी जायला मला दुसरी जागाच उरली नव्हती. तिसऱ्या दिवसापासून मात्र तुझ्यासाठीच.

काकू बाहेरून हाक मारतेय. आता किनाऱ्यावर भरली पाटी घेऊन शेवटी तीच उरते. हा कागद तुझ्या फणीच्या डब्यात ठेवतो, आणि निघतो, दार ओढून घेऊन.