दालनातील ‘शेवटच्या कात्री’वरील ठशाबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
वस्तुदालन विभाग,
नगर कार्यालय.

विषय : ‘शहरात बनलेली शेवटची कात्री’ दालनातून काढून घेणे व अर्जदाराचा सोमवारचा सत्कार रद्द करणे.
संदर्भ : १) आपले सत्काराचे पत्र. २) त्यावर अर्जदाराच्या पत्नीने काढलेले उद्गार.

महोदय,

१. अर्जदाराने येथील कात्री कारखान्यात एकतीस वर्षे ठसा मारण्याचे काम केले. धारवाल्याकडून आलेल्या कात्रीने ओले कापड एका दमात कापले, तरच पात्यावर शहराचे नाव ठोकायचे, अशी रीत होती. परगावचे लोक ते नाव पाहून डोळे झाकून माल घेत. आम्हीही कॉलर ताठ करून फिरत होतो. कारखाना बंद होऊन नऊ वर्षे झाली.

२. गेल्या वर्षी आपल्या विभागाने शेवटची कात्री मागितली, तेव्हा “आहे माझ्याकडे,” असे अर्जदार चारचौघांत बोलून गेला. घरात होती ती भाजीची देठे कापायची, आणि तीही बाहेरची. अर्जदाराने बाजारातून बिननावाची परगावची कात्री आणली व जपून ठेवलेल्या ठशाने तिच्यावर शहराचे नाव ठोकले. तीच आज काचेच्या पेटीत, मखमलीवर आहे.

३. पुढे प्रकरण हाताबाहेर गेले. शाळेच्या बाई मुलांची रांग लावून “अशी कात्री आता होणे नाही” असे सांगतात. शिंप्यांच्या संघटनेने पेटीला हार घातला. आमचे म्हातारे धारवाले तर रोज पेटीसमोर येऊन उभे राहतात. परवा अर्जदाराचा हात धरून म्हणाले, “अरे, ही माझीच धार. डोळे मिटून ओळखेन. जपलीस रे बाबा!” धरणी पोटात घेईल तर बरे, असे अर्जदाराला झाले. पत्नी म्हणते, “शेण खायचं होतं तर घरात खायचं, काचेत कशाला मांडलंत?”

४. अर्ज येथेच संपवता आला असता. परंतु ठसा मारण्यापूर्वी अर्जदाराने सवयीने त्या बाजारच्या कात्रीपुढे ओले कापड धरले होते. तिने ते एका दमात कापले. उलट कारखान्याच्या अखेरच्या वर्षी पोलाद हलके येऊ लागले. धारवाले रोज बजावत, “यावर धार टिकत नाही, पास करू नकोस.” साहेब म्हणत, माल अडला तर पगार अडेल. अर्जदाराने ओले कापड बाजूला ठेवले व वर्षभर तसेच ठसे मारले. माल परत आला, गिऱ्हाईक परत आले नाही. बाहेरच्या स्वस्त मालाने आपल्याला बुडवले, असे सारे शहर म्हणते आणि अर्जदार मान डोलावतो.

५. सबब, सोमवारपूर्वी कात्री काढून घ्यावी व खरे कारण फलकावर लावावे. मात्र फलक सोमवारीच लावावा, एवढी विनंती आहे. धारवाल्यांना ते माझ्या तोंडून कळायला हवे. तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन मी परत फिरलो. आता हा कागद आपल्याकडे जमा झाला की परत फिरायची सोय राहणार नाही, म्हणून आधी अर्ज करीत आहे.

सत्कारास अपात्र,
(सही)
माजी ठसेवाला, कात्री कारखाना
शुक्रवार, सकाळी

सोबत : शहराच्या नावाचा ठसा, नग एक. पोच मिळावी.