सज्जा मूळचा नाही

लिहून ठेवते ती मी, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. गल्लीत मला मोठ्या बाई म्हणतात. डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्याही धाकाने किंवा भिडेने हे लिहीत नाही. याआधी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात व्याकरण शुद्ध होतं, पण एक गोष्ट लपवलेली होती.

१. राहतं घर मुलगा आणि सून यांना समसमान. मुलाने एकट्याने विकायचा घाट घालू नये. सुनेची सही लागेल, आणि ती सहजासहजी देणारी नाही, हे मी अनुभवाने सांगते.

२. बँकेतली ठेव मुलीला. तिने ती नवऱ्याला दाखवू नये.

३. यजमानांचे रंधे, पटाश्या आणि करवती भाच्याला. यजमान नाटकांचे देखावे उभारणारे सुतार होते. धाकट्या दिरांनी त्यांना 'खोट्या भिंतींचा कारागीर' म्हणून जन्मभर हिणवलं. दिरांना यातला एक खिळाही देऊ नये.

४. आता सज्जा. घराच्या दर्शनी बाजूचा कोरीव सज्जा हा एका नाटकातल्या राजवाड्याचा आहे. नायक वजनदार होता, म्हणून यजमानांनी तो भक्कम बांधला. सज्जा टिकला, नाटक पडलं. मग आम्ही तो घराला लावला. त्याआधी तिथे साधा लाकडी कठडा होता, शेजारच्या शिंप्यांकडे आजही आहे तसा. साऱ्या गल्लीत तसेच होते.

गल्लीला ऐतिहासिक दर्जा द्यायचं ठरलं तेव्हा समितीचे वास्तुतज्ज्ञ माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "वा! बाई, हा मूळचाच ना?"

मी म्हणाले, "आमच्या घरचा मूळचाच."

'आमच्या घरचा' म्हटलं म्हणजे खोटं नाही, अशी मनाची समजूत घातली. शिकवण्यात जन्म गेला. शब्दाची पळवाट मला बरोबर सापडते. त्यांनी फोटो काढून नियमावलीला नमुना म्हणून जोडला: दर्शनी भाग असा असावा. मला समितीत मानाची खुर्ची मिळाली आणि मी ती घेतली.

मागच्या सभेत शिंप्यांना सांगितलं गेलं, की तुमचा कठडा नंतरचा आहे, तो काढा आणि नमुन्याप्रमाणे करा. ते म्हणाले, "अहो, आजोबांनी लावलेला कठडा आहे. साधा आहे म्हणून काय खोटा झाला? बाईंना विचारा, त्यांनी पाहिलंय सगळं."

सगळे माझ्याकडे वळले. मी पर्समध्ये चष्मा शोधत राहिले. चष्मा नाकावरच होता. शिंपी अजूनही रोज सकाळी "बाई, बरं आहे ना?" विचारतात, आणि मला इतकी शरम वाटते की मी मान वर न करता कुंड्यांना पाणी घालत राहते. दोन रोपं त्यानेच कुजली.

५. पहिल्या मसुद्यात सज्जा शिंप्यांच्या नावे केला होता. माझ्यामागे तो त्यांनी आपल्या घराला लावावा, म्हणजे नियमही पाळला जाईल. साक्षीदारही तेच असावेत म्हटलं, तर वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये. बरं झालं बोलले. मला मेल्यावर उदार व्हायचं होतं, तोंड दाखवावं लागू नये म्हणून. ते कलम खोडलं आहे. शिंप्यांना मी काहीही देत नाही. त्यांना साक्षीदार करते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, तरी त्यांनी तो माझ्यासमोर बसून पूर्ण वाचावा. उद्याच्या सभेत त्यांच्या कठड्याचा निकाल आहे. तिथे माझी जीभ रेटली नाही तर त्यांनी कलम ४ सर्वांना वाचून दाखवावं, अशी मोकळीक देते.

सही: मोठ्या बाई
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: सभेचा आदला दिवस

साक्षीदार पहिले: दवाखान्यातले डॉक्टर. तपासलं. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत.

साक्षीदार दुसरे: शेजारचे शिंपी. सगळं वाचलं. सही माझीच आहे. पण उद्या मी वाचून दाखवणार नाही. बाईंनी स्वतः सांगावं.