पार्कच्या फाटकाबाहेर

चंडीगड,
६ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला धड ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की शेजारच्या भल्लांना वाटतं आमच्याकडे भांडण जुंपलंय. त्यापेक्षा हे पत्रांचं बरं.

मोठी बातमी म्हणजे इंद्रजितची बदली चंडीमंदिरला झाली. फौजेत गेल्यापासून लेक पहिल्यांदाच एवढा जवळ आलाय, अर्ध्या तासावर. निदान दोन वर्षं तरी इथेच राहतील. सूनबाई, आपली मधुरिमा, दर शनिवारी अवनीला आमच्याकडे सोडणार आहे. पाच वर्षांची झाली बरं का नात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. दम्याचा त्रास आहे, पिशवीत सारखा पंप ठेवावा लागतो, तेवढीच काळजी.

दुसरी बातमी, माझ्या खटपटीनं आमच्या सेक्टरच्या पार्कला अखेर धूम्रपानबंदीचा बोर्ड लागला. आता मार्केट आणि बसस्टॉप. मी आणि माझी मैत्रीण रागिणी बडीशेपेच्या पुड्या घेऊन फिरतो. कोणी सिगरेट पेटवली की त्याच्या हातात पुडी द्यायची आणि तो विझवेपर्यंत हसत समोर उभं राहायचं. शिव्या खातो, पण विझवतात. पद्मीची लोकांच्या डोक्यावर बसायची खोड जुनीच, असंच म्हणशील.

यांनी पार्कातलं बाक सोडलं. युनिव्हर्सिटीतले जुने मित्र रोज संध्याकाळी तिथे धूर काढत बसायचे. बायकोनं बोर्ड लावायचा आणि नवऱ्यानं त्याखाली ओढायची, हे शोभत नाही म्हणाले. मला फार अभिमान वाटला गं.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
पद्मिनी


सांगली,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. पद्मिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नात दर आठवड्याला घरी येणार हे वाचून जिवाला बरं वाटलं. तिच्यासाठी मेतकूट पाठवतेय. तिखट नाही घातलेलं. माझा गुडघा आहे तसाच आहे, त्याचं काय लिहायचं.

बडीशेपेचं वाचून हसू आलं. आप्पा पान खाऊन अंगणात थुंकले की तू पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर उभी राहायचीस. ते मात्र हसत नसत.

एक विचारते, रागावू नकोस. राजाभाऊ लग्नाच्या आधीपासून ओढतात. बाक सोडलं हे कळलं, सिगरेट सोडली का? तसं तू कुठे लिहिलेलं नाहीस. मग ते आता ओढतात कुठे? थंडीत तुम्ही दारंखिडक्या घट्ट लावून बसता, मी राहून गेलेय. शहराचं झालं की जरा घरातही बघ.

तब्येतीला जप. म्हाताऱ्या बहिणीची आठवण काढत जा.

तुझी,
शैलजाताई


चंडीगड,
२२ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. हे मागच्या बाथरूममध्ये ओढायचे. पंखा लावून, दाराखाली टॉवेल सारून. मला वास यायचा आणि मी उदबत्ती लावायचे. बाहेर त्यांनी माझा मान राखला, मग घरात कशाला बोला, असं वाटायचं.

गेल्या शनिवारी धुकं इतकं पडलं की समोरचं घर दिसेना. आज गाडी काढता येणार नाही, अवनीला तिथेच राहू दे, असा इंद्रजितचा फोन आला. हीटर लावला, खिडक्या बंद केल्या. सकाळी उठली तीच घुसमटून. पंप पुरेना. ओठ निळे पडले, ताई. यांनी गाडी काढली आणि मी खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता सांगत होते. डॉक्टरांनी वाचवली. आता बरी आहे.

दवाखान्यात मधुरिमा ओरडली असती तर परवडलं असतं. तिनं अवनीचा स्वेटर नाकाशी नेला, नीट घडी घालून पिशवीत ठेवला, आणि म्हणाली की आई, अवनी आता त्या घरात येणार नाही. इंद्रजित खाली बघत राहिला.

घरी आल्यावर मी यांना तोंडाला येईल ते बोलले. साऱ्या गावाच्या हातातली सिगरेट मी विझवत फिरले, आणि माझ्या नातीला माझ्याच घरात श्वास मिळाला नाही. जेवण जात नाही.

तुझ्या मायेची आज फार गरज आहे.

पद्मिनी


चंडीगड,
११ फेब्रुवारी २०२५

ती. शैलजाताईंस,
सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून तुम्ही आधी चष्मा पुसला असेल. पत्रलेखन हे तुम्हा बहिणींचं खातं, माहीत आहे मला.

आमच्याकडे पडदे धुऊन झाले, गाद्या नव्या आणल्या, भिंतींना रंग दिला. पद्मिनी दिवसभर काही ना काही पुसत असते. मधुरिमा फोनवर नीट बोलते, पण येते असं म्हणत नाही. तिचं काही चुकत नाही. अवनी मलाच विचारते की आजोबा, तुम्ही बरे आहात ना. आजारी ती होती.

मी डॉक्टरांकडे गेलो, गोळ्या घेतल्या. संक्रांतीपर्यंत टिकलो. मग मार्केटच्या मागे जिथे टेम्पोवाले उभे असतात तिथे जाऊन एक ओढली. आता रोज जातो. बडीशेप चघळत घरी येतो, तीही तिच्याच पुडीतली. सुटली असं वाटून ती हल्ली दोन घास जास्त खाते, म्हणून सांगवत नाही. तुम्ही बोलू नका, मीच सांगेन. पुन्हा सोडायचा प्रयत्न चालू आहे.

रागावलात तरी आशीर्वाद काढून घेऊ नका.

आपला,
राजाभाऊ


चंडीगड,
१३ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इंद्रजितची बदली झाली, पार नागालँडात, दिमापूरला. दोन वर्षं म्हणता म्हणता सहा महिन्यांतच हुकूम आला. फौजेत दाद कुणाकडे मागायची?

निघण्याआधी सगळ्यांनी जेवायला या म्हणून मी मधुरिमाला फोन केला. घराला रंग दिलाय, यांनी सोडली आहे, सगळं सांगितलं. ती म्हणाली की आई, आपण पार्कात भेटू या का, तिथे तुमचा बोर्ड आहे. टोमणा नव्हता गं. तेवढीच जागा तिला भरवशाची वाटली.

मी सांज्याच्या पोळ्या केल्या. यांनी आंघोळ केली, कोरा सदरा घातला, अवनीसाठी आणलेली भातुकली घेतली. फाटकापाशी आलो तर हे थांबले. चला म्हटलं, तर हळूच म्हणाले की सकाळी एक ओढली आहे, मी आत येत नाही. संक्रांतीनंतर सुटलीच नव्हती म्हणाले. तुला ठाऊक होतं का? असलं तरी सांगू नकोस. गप्प बसून आत आले असते तर कुणालाही कळलं नसतं, ताई. मला तरी कुठे कळलं होतं? अनोळखी माणसांसमोर मी खुशाल उभी राहायचे, आणि यांच्यासमोर मला क्षणभर उभं राहवेना. भातुकली घेतली आणि आत गेले.

आजोबा बाहेर का, असं अवनीनं विचारलं. त्यांचे पाय दुखतात म्हटलं. तिला ते पटलं नाही. हात पसरून ती फाटकाकडे धावत सुटली. ती जसजशी जवळ जाईल तसतसे हे मागे सरकत गेले. तिनं फाटकाचे गज धरले तेव्हा हे रस्त्यापलीकडे होते. तिथून हात हलवत होते.

परवा ती सगळी गेली. घर धुतलेलं, रंगवलेलं आहे आणि आम्ही दोघं आहोत. मला यांच्यावर रागावताही येत नाही.

माझ्यावर लोभ आहेच तुझा. या खेपेला थोडा यांच्यावरही असू दे.

तुझी,
पद्मिनी