शेऱ्यांचा रकाना आणि तुझी लेक

चि. सौ. धाकटीस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की आता त्याने जिन्याचं नावच टाकलंय? तुझ्या सासूबाईंचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? (नसेल तर घाई करू नका, घरात तेवढीच शांतता.) मेहुण्यांचा रक्तदाब काय म्हणतो? आज एकदा नीट मोजून घे, पत्राच्या शेवटी त्याचं काम पडणार आहे. तुमच्या घरात चौथंही एक माणूस राहतं. त्याची चौकशी मी करणार नाही. त्याची तब्येत ठणठणीत असणार. बिघडली आहे ती माझी.

तुझ्या लेकीने माझं शिवणाचं दुकान क्लाउडवर नेलं, हे तुला ठाऊकच आहे, कारण तिने ते गावभर सांगितलंय. काउंटरखालचा माझा जुना कॉम्प्युटर बारा वर्षं इमानाने राबला. मला कुणी शिकवलं नव्हतं, दोन बोटांनी शिकलो आणि सातशे गिऱ्हाइकांची मापं वह्यांतून त्यात उतरवली. सुरू व्हायला त्याला एक चहा लागायचा (म्हणजे तेवढ्यात माझा पिऊन व्हायचा), पण एकदा उठला की दिवसभर तक्रार नाही. लेक तुझी म्हणाली, “मामा, हा एक दिवस डोळे मिटेल आणि सातशे माणसांच्या कमरा घेऊन जाईल.” मी घाबरलो. तिथेच फसलो. आता आपली मापं आपल्या दुकानात नाहीत, कुठल्यातरी लांबच्या कंपनीच्या यंत्रात आहेत आणि लागतील तेव्हा इंटरनेटवरून मागायची. म्हणजे आपल्याच कपाटातली वस्तू परक्याच्या दारात उभं राहून मागायची, आणि तो विचारणार, तुम्ही कोण? मग पासवर्ड. पासवर्ड दिला की फोनवर आकडा येणार. फोन कुठे, तर ट्रायल रूमच्या खुंटीवर टांगलेल्या माझ्या कोटात, आणि आत गिऱ्हाईक अर्ध्या कपड्यांत. आकडा मिळेपर्यंत पडद्यावर अक्षरं येतात, ‘वेळ संपली, पुन्हा प्रयत्न करा.’ अगं, एकोणचाळीस वर्षं मी याच खुर्चीत बसतोय, माझी वेळ संपवणारा हा कोण टिकोजीराव?

पण हे सगळं मी पोटात घातलं असतं. खरा राग पुढे आहे.

टेप अर्धंच माप सांगते. उरलेलं माणूस सांगतो, तेही न बोलता. ते मी मापांच्या शेजारी ‘शेरा’ म्हणून लिहीत आलो, आधी वहीत, मग कॉम्प्युटरात. ते फक्त माझ्यासाठी आणि माझ्या कात्रीसाठी. सोमवारी सकाळपासून गिऱ्हाइकांच्या फोनवर संदेश जायला लागले, वहीतल्या जुन्या नंबराप्रमाणे रोज चाळीस जणांना, ‘आपली मापे आता आपल्या हाती.’ त्यावर बोट ठेवलं की प्रत्येकाला त्याचं पान दिसतं. छाती, कंबर, बाही आणि खाली ठळक अक्षरांत शेरा!

दुकान उघडतोय तोच निवृत्त मुख्याध्यापक दारात. हातात फोन, छडीसारखा धरलेला. म्हणाले, “वाचा मोठ्याने.” मी वाचलं. ‘माप देताना पोट आत ओढून उभे राहतात. कमरेत दीड इंच जास्त धरणे.’ (आणि सांगतो, हे ऐकतानासुद्धा त्यांनी पोट आत ओढलेलं होतं.) त्यांच्या पाठोपाठ वकीलसाहेब. त्यांचा शेरा, ‘ट्रायलला भांडायलाच येतात. कपडा नीट शिवून बाहीचा एक टाका मुद्दाम उसवून ठेवावा, तो सापडला की खूश होतात.’ वकीलसाहेब लाल झाले होते. “म्हणजे अठरा वर्षं मी जिंकतच नव्हतो?” मी म्हटलं, “साहेब, टाका खरंच उसवलेला असायचा.”

हे दोघे ओरडले, बरं झालं, ओरडणारं गिऱ्हाईक परत येतं. दुपारी समोरचे घड्याळवाले आले. त्यांच्या पानावर मी गेल्या वर्षी लिहिलं होतं, ‘बायको गेल्यापासून छातीत दोन इंच उतरले. विचारू नये, शर्ट गुपचूप आत घ्यावा.’ त्यांनी शिवायला टाकलेलं कापड मागितलं, घडी घातली आणि रस्ता ओलांडून गेले. तेव्हापासून त्यांच्या दुकानाकडे बघायची माझी छाती होत नाही.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या लेकीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोललो. शेवटी म्हणालो, “माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस!” ती म्हणाली, “बरं, मामा.” एवढंच! उलट बोलली असती तर मी निवळलो तरी असतो. आता मुख्य पासवर्ड तिच्याकडे, रकाना झाकता येतो तो तिलाच, आणि मी मात्र रोज नव्या चाळीस जणांची वाट बघत काउंटरमागे बसतो. मुख्याध्यापक, वकील सोड. आणखी एक घड्याळवाले निघाले तर मी शटर ओढून घरी बसेन. हे मी रागात म्हणत नाही.

पत्र आमच्या कारागिराच्या हाती देतोय, तो तुमच्याच गल्लीत राहतो. तुझी वहिनी तुला जपून राहा म्हणते आणि मला गप्प राहा म्हणते. थोरांना नमस्कार, बाकीच्यांना आशीर्वाद (त्या चौथ्यालाही, पण सांगू नकोस).

तुझा,
दादा

ता. क. खोटं कशाला लिहू? काम सुरू करताना लेकीने विचारलं होतं, “मामा, यातलं गिऱ्हाइकांपासून काही झाकून ठेवायचं आहे का?” मीच छाती काढून म्हणालो, “आपल्या दुकानात लपवाछपवी चालत नाही! सगळं दिसू दे!” हे तुझ्यापाशीच ठेव.

दुसरा ता. क. मेहुण्यांचा वहीतला नंबर एकशे सदतीस, म्हणजे संदेश उद्या सकाळी. त्यांचा शेरा, ‘डावा खांदा उतरता. आत कापूस भरावा. यांना ताठ चालण्याचा अभिमान आहे, कधीही कळू देऊ नये.’ उद्या त्यांचा फोन पिठाच्या डब्यात ठेव, नाहीतर आजच लेकीला तो रकाना झाकायला सांग. दुसरं बरं.

तिसरा ता. क. लेकीने मला नमुन्याचं गिऱ्हाईक म्हणून एक नंबरवर घातलंय. सोमवारचा माझा संदेश मी रागाने उघडलाच नव्हता, तो आत्ता पाहिला. छाती एकोणचाळीस, कंबर (जाऊ दे). शेरा, ‘मामा. रागावले तर दोन दिवस काही बोलू नये. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करतात.’

आज बुधवार, तिसरा दिवस. म्हणून मी फोन करत नाही, पत्र लिहितोय. तिला सांग, दुकानाची पायरी तिथेच आहे. आणि उत्तर लवकर लिही, कारागीर तुझ्या दाराशी उभा आहे.