रस्त्याच्या मधून गेलेली रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार
नव्या वॉर्डांचा कच्चा आराखडा आज जाहीर झाला. जेवणाच्या सुट्टीत डाउनलोड केला. हद्द आमच्या रस्त्याच्या बरोबर मधून जाते. आमची बाजू एका वॉर्डात, समोरची दुसऱ्या. समोर ताई राहते. पण त्याचा इथे संबंध नाही. नकाशे करणं हा माझा व्यवसाय आहे आणि चुकीची रेघ मला बघवत नाही. हरकत घेणार. कारण पूर्णपणे तांत्रिक.

५ फेब्रुवारी
नियम वाचले. वॉर्डांची लोकसंख्या साधारण सारखी हवी, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. हद्द शक्यतो मोठा रस्ता, नाला, रूळ अशा ठळक खुणेवरून जावी. जनगणनेचा गट, म्हणजे एका मोजणीदाराने मोजलेली घरं, फोडायचा नाही. हरकत कोणीही रहिवासी घेऊ शकतो, मात्र लेखी आणि मुदतीत. नंतर सुनावणी.

आमचा रस्ता ठळक वगैरे अजिबात नाही. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. आमच्या बाजूच्या इमारतींच्या पाठीमागे मात्र चांगला रुंद हमरस्ता आहे. हद्द तिथे न्यावी, हा माझा पर्याय. दोन्ही बाजू एका वॉर्डात राहतात. लोकसंख्येचा फरक दुसऱ्या टोकाला भरून निघतो. सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत झालं. यांना कसं सुचलं नाही, कळत नाही.

७ फेब्रुवारी
लोकांचा सहभाग हवा, म्हणून रविवारी गच्चीवर सभा ठेवली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलं, वॉर्ड बदलला तर पाणी जास्त येणार का. नाही म्हटलं. मग कमी येणार का. नाही. मग बाळ, लोकांना रविवारचं कशाला उठवतेस, म्हणाले. नोटीस लावू दिली. लिफ्टच्या आत, दिसेल अशी.

९ फेब्रुवारी, रविवार
सभा झाली. उपस्थिती: मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. त्या गादी उन्हात टाकायला आल्या होत्या. उन्हामुळे लॅपटॉपवर काही दिसेना, तरी मी सगळं सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, नवीन राहायला आलीस का गं? बारा वर्षं झाली, म्हटलं. अगंबाई, मग दिसत नाहीस ती, म्हणाल्या. घरी कोण कोण असतं? सध्या मी, म्हटलं.

काकूंनी सही दिली. गुणवत्ता महत्त्वाची, संख्या नाही.

११ फेब्रुवारी
हरकतीत 'समान हितसंबंध' असा मुद्दा मांडायचा आहे. पुरावा म्हणून दोन्ही बाजूंच्या दैनंदिन व्यवहारांची नोंद करायला घेतली.

माझ्या बाजूने: पालिकेच्या मतदानाच्या दिवशी ताई खिडकीखाली येते आणि हाक मारते. ऊठ गं म्हशे, रांग लागेल. मग आम्ही दोघी शाळेत जातो, मत देतो आणि तिच्याकडे नाश्ता करतो. ती टोस्ट करपवते आणि भाऊजींवर ढकलते. दुपारपर्यंत मी तिथेच असते. गेल्या दोन्ही निवडणुकांत हे झालं.

इतर व्यवहार: आठवत नाहीत. आमचं भांडण नाही, हे नोंदवायला हवं. भांडायला बोलावं लागतं. तिला घर आहे, नोकरी आहे, सासूबाईंचे गुडघे आहेत. मला काम असतं.

परिच्छेद खोडला. वैयक्तिक वाटत होता.

१२ फेब्रुवारी
हरकतीची पीडीएफ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली. भाऊजींनी लिहिलं, आमची मेव्हणी आता पालिका चालवणार! आत्याने गुलाबाचं फूल पाठवलं. ताईने अंगठा. हा समोरच्या बाजूचा लेखी पाठिंबा धरला आहे.

१४ फेब्रुवारी
वॉर्ड ऑफिसात हरकत दिली. खिडकीतल्या बाई जाडी बघूनच हबकल्या. अहो मॅडम, हे पुस्तक काय करू? एक पान लिहायचं. हद्द कुठे हवी, का हवी, खाली सही, पत्ता. मी म्हटलं, परिशिष्टं महत्त्वाची आहेत. त्यांनी शिक्का मारून पोच दिली आणि गठ्ठा खिडकी उघडी राहावी म्हणून तिथे टेकवला. तात्पुरता असावा.

२० फेब्रुवारी
सुनावणी. माझ्या आधी एक आजोबा होते. शेजारणीचा कुत्रा दुसऱ्या वॉर्डात टाका, अशी त्यांची हरकत. अशा लोकांमुळे प्रक्रियेचं गांभीर्य जातं.

माझी बाजू उत्तम मांडली. जनगणनेचा एकही गट फुटता कामा नये, हे दोनदा सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. खिडकीतल्या बाई शेजारी बसून गटांची यादी लावत होत्या. त्यांनी विचारलं, मॅडम, तुमची स्वतःची इमारत कुठली, तिचं मोठं गेट कुठल्या रस्त्याला आहे? मी म्हटलं, माझा मुद्दा वैयक्तिक नाही. बाई म्हणाल्या, तसं नाही हो, बघून घेतलं असतं. मी म्हटलं, गरज नाही. अधिकाऱ्यांनी पुढचं नाव पुकारलं.

बाहेर आल्यावर कोणाला तरी फोन करावासा वाटला. केला नाही. निकाल येऊ दे.

६ मार्च
अंतिम आराखडा. माझी सूचना मान्य! हद्द हमरस्त्यावर गेली. आपल्याकडे व्यवस्था काम करते, फक्त नीट मांडता यायला हवं. आमचा रस्ता पूर्ण एका वॉर्डात.

६ मार्च, संध्याकाळी
नकाशा मोठा करून पाहिला. हमरस्त्यावरून सरळ जाणारी रेघ एका ठिकाणी आत वळते, एका इमारतीला वळसा घालते आणि परत बाहेर येते. इमारत आमची आहे.

कारण शोधलं. बाकी सगळ्या इमारतींची मोठी गेटं आमच्या रस्त्याला. आमच्या एकटीचं हमरस्त्याला. इकडे आहे ते लहान फाटक, मी त्याच फाटकाने येते-जाते. मोजणीदार मोठ्या गेटने आला, म्हणून आम्ही हमरस्त्यापलीकडच्या गटात. मी इमारती नकाशातल्या जागेवरून धरल्या होत्या. माणूस दारातून येतो, हे सॉफ्टवेअरमध्ये नसतं. आणि गट फोडायचा नाही.

पद्धत बरोबर होती. निष्कर्षही बरोबर. एक इमारत म्हणजे नगण्य चूक.

९ मार्च, रविवार
सकाळी ताईचा फोन. भाऊजींनी पेपरात वाचलं म्हणे. शाब्बास गं, सगळा रस्ता एकत्र आणलास! मी म्हटलं, आमची इमारत सोडून. ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग म्हणाली, अगं येडे, मत तिकडे दे आणि खायला इकडे ये, वॉर्ड काय दार अडवतोय? नाहीतर आत्ताच ये. टोस्ट लावतेय.

आत्ता जमणार नाही, काम आहे, म्हटलं. रविवारी कसलं गं काम? नकाशाचं, म्हटलं. बरं, म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ गॅलरीत उभी होती, इकडे बघत. मी पडद्यामागे होते.

कामं पाहिली. आज कुठलंच नव्हतं.

तिचं बोलावणं आजचं होतं, मतदानाच्या दिवसाचं वेगळं धरायचं की नाही हे स्पष्ट नाही. निवडणुकीची तारीख लागली की जाईन.